वारा थांबल्यावर: शहरात पहिलंच वादळ सोसणाऱ्यांसाठी

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर आदळलं. सरकारने सुरुवातीला मृतांचा आकडा ६४ सांगितला. वर्षभराने, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, तोच आकडा २,९७५ असा मान्य करावा लागला. सप्टेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले, हे मोजून तो काढला होता. वादळ एका दिवसात पुढे निघून गेलं होतं. वीज मात्र महिनोन्‌महिने नव्हती, रस्ते बंद होते, दवाखाने कसेबसे चालत होते आणि माणसं त्या दिवसांत जात राहिली.

वादळाआधीच्या तयारीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला वाऱ्याचा आवाज थांबल्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगायचं आहे, कारण शहरात नव्याने आलेला माणूस अडकतो तो तिथे. कुणाला फोन करायचा हे ठाऊक नसतं, शेजारच्या दारामागे कोण राहतं हे ठाऊक नसतं आणि घाईघाईत नेमकं जे नंतर करायचं ते आधी केलं जातं. म्हणून खाली लिहिलेल्या क्रमाला महत्त्व आहे.

खरंच थांबलंय का, ते आधी बघा

चक्रीवादळाच्या मधोमध शांत भाग असतो. त्याला डोळा म्हणतात. साधारण ३० ते ६५ किलोमीटर रुंदीचा. तो डोक्यावरून सरकत असताना वारा एकदम पडतो, कधी आभाळही उघडतं. लोकांना वाटतं सुटलो. कुणी गच्चीवरचा पत्रा बघायला चढतं, कुणी गाडी हलवायला खाली उतरतं, आणि थोड्याच वेळात वारा विरुद्ध दिशेने तितक्याच जोराने परत येतो. आधीच सैल झालेल्या फांद्या आणि पत्रे या दुसऱ्या झोडपण्यात सुटतात. हवामान खात्याने किंवा शहराच्या नियंत्रण कक्षाने वादळ पुढे गेल्याचं जाहीर करेपर्यंत दार उघडू नका. सेलवर चालणारा साधा रेडिओचा संच अशा वेळी मोबाइलपेक्षा भरवशाचा ठरतो.

रात्र असेल तर उजाडेपर्यंत थांबा. बाहेर पडताना जाड तळव्याचे, पाय पूर्ण झाकणारे बूट घाला. चिखलाखाली काचा आणि खिळे असतात, आणि घाण पाण्यात झालेली जखम पुढचे पंधरा दिवस पुरते.

तार आणि पाणी

पडलेल्या तारेत वीज आहे की नाही हे बघून कधीच कळत नाही. ठिणगी उडत नाही, आवाज येत नाही, सगळा मोहल्ला अंधारात आहे, तरी तार जिवंत असू शकते. कुणीतरी जनरेटर चुकीचा जोडलेला असतो, किंवा वीज कंपनी दुसऱ्या बाजूने पुरवठा सुरू करून बघत असते. किमान १० मीटर लांब राहा. तारेला टेकलेलं कुंपण, झाड, साचलेलं पाणी यांनाही तोच नियम.

चालता चालता एकदम जवळ पोहोचलात तर पळू नका. जमिनीत उतरलेली वीज तारेजवळ जास्त आणि लांब कमी अशी पसरलेली असते. लांब टांग टाकली की एक पाय जास्त दाबाच्या जागी आणि दुसरा कमी दाबाच्या जागी पडतो, आणि वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, टाच पंजापुढे न जाऊ देता घासत घासत मागे सरका. तार गाडीवर पडली असेल तर गाडीतच बसा आणि तिथून फोन करा. गाडीला आग लागली तरच बाहेर या, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये.

पाण्याबद्दल तीन आकडे पाठ करून ठेवा. १५ सेंटीमीटर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. ३० सेंटीमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते. ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. शहरात आणखी एक गोष्ट असते, मॅनहोल. पाण्याच्या दाबाने झाकण उडतं, कधी पाणी ओसरावं म्हणून कुणीतरी ते उघडून ठेवतं, आणि वरून सगळीकडे सारखंच गढूळ पाणी दिसतं. जावंच लागलं तर हातात काठी घ्या, पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपा. खरं तर जाऊच नका.

घरात शिरताना

दाराशी क्षणभर थांबा आणि वास घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. सगळ्यांना बाहेर काढा, लांब जा आणि मग फोन लावा.

वास नसेल तर भिंती आणि छत बघा. नवीन भेग, फुगलेलं छत, न लागणारं दार यातलं काही दिसलं तर आत जाऊ नका, इंजिनिअरला दाखवा. नंतर विजेकडे वळा. मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून पोहोचता येत असेल तर तो बंद करा. पाण्यात उभं राहून किंवा ओल्या हाताने स्विचला हात लावायचा नाही. पाणी सॉकेटपर्यंत चढलं असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

मेन स्विच बंद केला म्हणजे घरात वीज नाही, असं समजू नका. घरचा इन्व्हर्टर बॅटरीवरून वायरिंगला वीज देतच असतो. गच्चीवरची सौर पॅनेल उजेड आहे तोवर वीज तयार करतात, ती तुटलेली असली तरीही. दोन्ही वेगळी बंद करावी लागतात, आणि तुटलेल्या पॅनेलला हात लावायचा नाही.

लिफ्ट वापरू नका. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलेलं असतं आणि वीज मध्येच गेली तर आतल्या माणसाला काढायला येणारं कुणी मोकळं नसतं.

खारं पाणी शिरलं असेल तर जास्त सावध राहा. ते वाळलं तरी मीठ आत राहतं आणि गंज चढत जातो. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्राचं पाणी शिरलं. त्यातल्या एका बोगद्याची दुरुस्ती २०२० पर्यंत चालली होती. घरातला मीटरबॉक्स, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन यांचंही तसंच होतं. आज चालू झालं म्हणजे वाचलं असं नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांबाबत २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात दिसलं की खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटऱ्या काही दिवसांनी पेट घेतात. अशी गाडी इमारतीपासून १५ मीटर लांब, उघड्यावर उभी करून घ्या.

तळघरातलं पाणी एका दमात उपसू नका. भोवतालची जमीन भिजून फुगलेली असते आणि आतलं पाणी तिला आतून रेटा देत असतं. तो रेटा एकदम काढला की भिंत आत येऊ शकते. रोज साधारण एक तृतीयांश असं तीन दिवसांत काढतात.

मदत कुणाकडे, कशी मागायची

एका वादळानंतर आमच्या गल्लीत झाड पडून जिना अडला होता. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला, "आमच्याकडे झाड पडलंय, लवकर या" म्हटलं आणि ठेवून दिला. पत्ता सांगितलाच नव्हता. दोन तास वाट बघितल्यावर वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "अरे, कुठे यायचं ते सांगितलंस ना?" तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून मी दाराच्या आतल्या बाजूला पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला आहे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

फोनवर सर्वांत आधी जागा सांगा. इमारत, रस्ता, मजला, जवळची ठळक खूण. दुकानांच्या पाट्या वादळात उडालेल्या असतात, म्हणून पूल, चौक, पाण्याची टाकी अशी न हलणारी खूण निवडा. मग काय झालंय, किती माणसं, त्यांची अवस्था, आणि तिथे पोहोचायला अडचण काय. उदाहरणार्थ: "नदीकाठच्या पुलाच्या पूर्वेकडची तीन मजली पिवळी इमारत. दुसऱ्या मजल्यावर पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा, श्वास लागलाय, शुद्धीवर आहेत. समोरचा रस्ता पाण्याखाली आहे, मागच्या गल्लीतून येता येईल." एवढ्याने पलीकडच्या माणसाला कोणती गाडी आणि कोणत्या वाटेने, हे दोन्ही ठरवता येतं. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका. तक्रारीचा क्रमांक, वेळ आणि बोललेल्याचं नाव कागदावर टिपून घ्या.

जीव धोक्यात असेल तर आपत्कालीन क्रमांक. भारतात आणि युरोपीय संघात तो ११२ आहे, अमेरिकेत ९११. जगातल्या बहुतेक मोबाइल जाळ्यांवर ११२ लावला की फोन स्थानिक सेवेकडे वळतो. पडलेली तार वीज कंपनीला, गॅसचा वास गॅस कंपनीला, झाड, तुंबलेला नाला आणि साचलेलं पाणी नगरपालिकेच्या नियंत्रण कक्षाला कळवा. माहिती विचारण्यासाठी आपत्कालीन क्रमांक अडवून ठेवू नका. दिवे कधी येतील हे त्यांना ठाऊक नसतं, आणि त्याच मिनिटाला कुणाचा तरी फोन लागत नसतो.

फोन लागत नसेल तर एसएमएस करा. एसएमएसला जाळ्यात फार थोडी जागा लागते, तो रांगेत थांबतो आणि वाट मिळाली की जातो. मोबाइल टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांचीच. म्हणून सगळ्या नातेवाइकांना एकेक करून फोन करण्यापेक्षा शहराबाहेरचा एक माणूस ठरवा. घरातला प्रत्येक जण त्यालाच "बरा आहे, अमुक ठिकाणी आहे" असं कळवेल आणि बाकीचे त्याला विचारतील. हे आधी ठरलं नसेल तर आत्ता ठरवा, बॅटरी आहे तोवर.

माणूस बेपत्ता असेल तर पोलिसांत नोंद करा आणि निवारा केंद्रांच्या याद्या बघा. विखुरलेली कुटुंबं जोडून देण्याचं काम रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्था अनेक देशांत करतात, तिथेही नाव द्या.

निवारा केंद्रात जायची वेळ आली तर ओळखपत्र, औषधं आणि त्यांची चिठ्ठी, चष्मा, चार्जर, पाणी, कोरडे कपडे एवढं घ्या. जायला संकोच वाटतो, विशेषतः नव्या शहरात. संकोच करू नका. ती जागा तुमच्यासाठीच उघडलेली असते. पाळीव प्राणी असेल तर आधी विचारा. २००५ च्या कॅटरिना वादळात अनेक जण आपला कुत्रा सोडून जायला तयार झाले नाहीत, म्हणून घरातच थांबले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून बचावाच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा केला.

वीज नसतानाचे दिवस

इथे सर्वांत मोठा धोका जनरेटरचा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतला माणूस उठत नाही. बाल्कनीत, जिन्यात, पार्किंगमध्ये, अर्धवट उघड्या शटरखाली जनरेटर चालवायचा नाही. खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर, धूर घराच्या विरुद्ध दिशेला जाईल असा ठेवा. घरातल्या कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू आहे. एकाच घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं तर थकवा म्हणून सोडून देऊ नका, सगळ्यांनी आधी बाहेर या.

जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा उद्योग कुणी करत असेल तर थांबवा. ती वीज उलटी खांबावर जाते आणि दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनचा जीव घेते.

दार न उघडल्यास फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो. भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. त्यानंतर चव घेऊन बघायचं नाही, टाकायचं. इन्सुलिनबद्दल मात्र घाबरून जाऊ नका. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात बाटली किंवा कार्ट्रिज २८ दिवसांपर्यंत वापरता येतं. उन्हापासून लांब ठेवा, आणि थेट बर्फावर ठेवून गोठवू नका. ऑक्सिजनचं यंत्र किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसाने वीज यायची वाट बघत बसू नये. पहिल्याच दिवशी आपल्या दवाखान्याला आणि नियंत्रण कक्षाला कळवून नाव यादीत घालून घ्यावं.

मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च बरे. अंधारात, दमलेल्या घरात लागलेली आग विझवायला बंब कसा येणार?

पाणी

नळाला पाणी आलं म्हणजे ते पिण्याजोगं आहे असं धरू नका. दाब गेलेल्या पाइपात फुटीच्या जागेतून गटाराचं पाणी ओढलं जातं. पालिकेने सांगेपर्यंत उकळूनच प्या. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं.

उकळायला इंधन नसेल तर वास किंवा रंग न घातलेलं साधं घरगुती ब्लीच चालतं. सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ५ ते ९ टक्के असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्याला २ थेंब. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळा आणि ४ थेंब घाला. ढवळा, ३० मिनिटं थांबा. क्लोरिनचा हलका वास यायला हवा. नाही आला तर पुन्हा तेवढेच थेंब घालून १५ मिनिटं थांबा. क्लोरिनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळा. रसायन किंवा इंधन मिसळलेलं पाणी यातल्या कशानेही शुद्ध होत नाही. इमारतीची जमिनीखालची टाकी पुरात बुडाली असेल तर ती उपसून, घासून, निर्जंतुक केल्याशिवाय पंप सुरू करू देऊ नका. एकाने घाई केली तर सगळी इमारत आजारी पडते.

पिण्यासाठी आणि थोड्या वापरासाठी माणशी दिवसाला ४ लिटर, असं तीन दिवसांचं पाणी जवळ हवं.

फोटो आधी, झाडू नंतर

घर बघवत नाही, हात शिवशिवतात, लगेच धुवायला घ्यावंसं वाटतं. थांबा. आधी फोटो आणि व्हिडिओ. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, मग एकेक वस्तू. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे पाणी किती चढलं होतं यावर वाद उरत नाही. यंत्रांच्या पाठीमागची मॉडेल आणि क्रमांकाची पट्टी टिपा. सडलेला गालिचा फेकायचा असेल तर त्याचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा.

विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. आणखी नुकसान होऊ नये म्हणून छपरावर ताडपत्री घालणं, खिडकी बंद करणं ही तुमचीच जबाबदारी धरली जाते. ते जरूर करा, पावत्या ठेवा. पण कायमची दुरुस्ती पाहणी होण्याआधी करू नका. भाड्याने राहत असाल तर नीट समजून घ्या. घरमालकाचा विमा सहसा भिंतींचा असतो, तुमच्या सामानाचा नाही. पुराचं पाणी आणि वाऱ्याने झालेलं नुकसान ही दोन वेगळी कलमं असू शकतात, म्हणून अर्जात काय कशाने झालं ते वेगवेगळं लिहा.

बुडालेली गाडी "बघू तरी चालू होते का" म्हणून चालू करू नका. पाणी दाबलं जात नाही. इंजिनात शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळतो आणि आतला दांडा वाकतो. टो करून न्या.

सरकारी पंचनामा असेल तर स्वतः हजर राहा, लिहिलेलं वाचून मगच सही करा, प्रत मागून घ्या. दारावर येऊन "आज आगाऊ द्या, उद्या छप्पर घालतो" म्हणणारे लोक वादळानंतर लगेच उगवतात. लेखी अंदाज आणि पत्ता घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मदत मिळवून देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला तर तो चोर आहे.

भिजलेले कागद

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सोफा पुन्हा घेता येतो.

आमच्या तळमजल्यावर एक काकू राहायच्या. पाणी उतरल्यावर त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. आत मुलांच्या गुणपत्रिका, घराचे कागद आणि लग्नाचा अल्बम, सगळ्याचा एक गोळा झालेला. त्या एकेक पान सोलून काढू लागल्या आणि पहिल्याच पानाचा कोपरा हातात आला, त्यावरची शाळेची शाईची मोहोरही गेली. मग आम्ही दोघांनी काम थांबवलं. गठ्ठा जसाच्या तसा स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात अलगद धुतला, पिशवीत घातला आणि वीज असलेल्या नातेवाइकांकडे फ्रीजरमध्ये ठेवला.

ग्रंथालयं आणि अभिलेखागारं हीच रीत वापरतात. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. गोठवलं की ती थांबते आणि तुम्हाला सवड मिळते. नंतर थोडे थोडे कागद काढून, वितळू देऊन, सुटतील तसे सुटू द्यायचे. टिपकागदावर किंवा पांढऱ्या कापडावर, सावलीत, पंख्याच्या थेट झोतात न ठेवता, आजूबाजूला हवा खेळेल असे वाळवायचे. कडक उन्हात आणि इस्त्रीखाली कागद आक्रसतो, शाई पसरते. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर वाळू देऊ नका, वाळले की सुटत नाहीत. थंड स्वच्छ पाण्यात ठेवा, सैल झाले की एकेक काढा आणि चित्राची बाजू वर करून ठेवा. हे दोन दिवसांच्या आत.

काकूंचे बहुतेक कागद वाचले. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी कागदांचे फोटो काढून शहराबाहेरच्या माणसाकडे पाठवून ठेवले.

चिखल आणि बुरशी

हातमोजे, बूट, डोळ्यांवर चष्मा आणि एन-९५ मास्क. आधी चिखल खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, मगच ब्लीच. चिखलावर ओतलेलं ब्लीच वाया जातं. ब्लीच अमोनियात किंवा संडास साफ करायच्या आम्लात मिसळलं तर विषारी वायू सुटतो, दोन बाटल्या एकाच वेळी उघडू नका. गाद्या, उशा, भुशाच्या फळ्यांचं फर्निचर पुरात भिजलं असेल तर जाऊ द्या. जुन्या छताचे सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, कोरडे झाडू नका.

पडलेलं झाड कापायला स्वतः जाऊ नका. वाकलेल्या फांदीत धनुष्यासारखा ताण असतो, करवत लागली की ती उसळते.

शेजारी

१९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं होतं. वादळातही पहिला हात शेजारचाच असतो. इमारतीत दोन माणसांनी कागद घेऊन वरपासून खालपर्यंत प्रत्येक दार वाजवा. कोण एकटं राहतं, कुणाला रोजचं औषध लागतं, कोण चालू शकत नाही, कुणाकडे तान्हं बाळ आहे, कुणाला इथली भाषा येत नाही. दार उघडलं नाही तर संध्याकाळी परत जा. नवीन आहात म्हणून मागे राहू नका, "मी तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेय, तुम्हाला काही हवंय का?" एवढं वाक्य पुरतं. म्हातारी माणसं "आम्हाला काही नको" म्हणतात. आत डोकावून पाणी किती उरलंय ते बघा.

मदत द्यायची असेल तर आधी विचारा काय हवंय. जुन्या कपड्यांच्या ढिगापेक्षा पैसे, पिण्याचं पाणी आणि दोन तास झाडू मारणारे हात जास्त उपयोगी पडतात.

भेदरलेल्या माणसाशी कसं वागावं याची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली रीत सोपी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्याला आत्ता काय हवंय ते पाहा, बोलेल ते ऐका, बोलायचं नसेल तर खोदून विचारू नका, आणि त्याच्या माणसांशी किंवा मदतीशी गाठ घालून द्या. लहान मुलांना वाऱ्याचा आवाज बरेच दिवस घाबरवतो, त्यांना एकटं झोपवू नका.

पुढचा महिना

कॅलेंडरवर वादळाच्या तारखेपासून ३० दिवसांवर खूण करा. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि तो २ ते ३० दिवसांत कधीही उफाळतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही दिसलं तर साधा ताप समजून घरी गोळी घेऊ नका. डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. पाण्यात बराच वेळ काढला असेल तर ताप येण्याआधीच प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. जखम झाली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या.

डेंगीचा डास अंड्यापासून उडण्याइतका व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून गच्चीवरच्या ताडपत्रीचे खळगे, टायर, कुंड्या, मलब्यातले डबे उपडे करा.

तक्रारींचे क्रमांक ज्या कागदावर टिपलेत तो दर आठवड्याला काढून पाठपुरावा करा, अर्जाच्या मुदती त्याच्यावरच लिहा. आणि शेजाऱ्यांची ती यादी, सगळे आपत्कालीन क्रमांक आणि शहराबाहेरच्या माणसाचा नंबर एका कागदावर उतरवून त्याच्या प्रती प्रत्येक घरी द्या. एक प्रत जिन्यातल्या मीटरच्या खोलीच्या दारावर आतून चिकटवा, यंदाच्या पाण्याच्या रेघेच्या चांगली हातभर वर.